जुनं फ्लाइंग जॅकेट घेताय? आधी ते कोणाचं होतं ते शोधायला शिका

जुनी फ्लाइंग जॅकेट, म्हणजे लष्करी वैमानिकांची जॅकेट, जमवायची इच्छा असलेले बरेच जण विचारतात, की ओरिजिनल कसं ओळखायचं. प्रश्न बरोबर आहे, पण माझ्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा, की हे कोणाच्या अंगावर होतं. कारण चामडं, झिप, लेबल यांची नक्कल आज इतकी चांगली होते की अनुभवी माणूसही अडखळतो, पण एखाद्या माणसाचं नाव, त्याचा नंबर, त्याची स्क्वाड्रन आणि सरकारी कागदात त्याची नोंद हे सगळं एकमेकांशी जुळलं की मग शंकेला फारशी जागा राहत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या नावामुळेच या छंदात जीव आहे, नाहीतर ते नुसतं जुनं चामडं. म्हणून हा लेख खरेदीबद्दल कमी आणि शोधाबद्दल जास्त आहे.

मुंबईत राहून हे करायचं म्हणजे दोन गोष्टी आधीच मान्य करा. एक, इथे जॅकेट घालायला हवा नाही, म्हणजे तुम्ही ते जपायला घेताय. दोन, आपला पावसाळा हा चामड्याचा सगळ्यात मोठा शत्रू, त्यावर पुढे बोलूच.

पायरी १ : चार-पाच टाइप नीट ओळखायला शिका

सगळं शिकायला जाऊ नका, थोडंच शिका पण पक्कं शिका.

अमेरिकन ए-२ पासून सुरुवात करा. हे १९३१ मध्ये ठरलेलं डिझाइन, आणि १९४३ मध्ये लेदर सोडून कापडी जॅकेटकडे वळायचं ठरलं तेव्हा याच्या नवीन ऑर्डरी थांबल्या. बहुतेक घोड्याच्या चामड्याचं, काही बकरीच्या. पाठ एकाच अखंड तुकड्याची, मधे शिवण नाही. पुढचे दोन खिसे फक्त वरून उघडतात आणि त्यांना चापाचं बटण असतं, बाजूने हात घालायला फट नसते. ही फट दिसली की ते युद्धकाळातलं नाही, एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मा फसवा माल तिथल्या तिथे बाजूला होतो. शिवाय अमेरिकन एअर फोर्सने १९८८ मध्ये ए-२ परत सुरू केलं, ते सरकारीच आहे, खरंच आहे, पण महायुद्धातलं नाही, आणि विकणारे लोक हा फरक आपणहून सांगत नाहीत.

अमेरिकन नेव्हीचं जी-१ म्हणजे फरची कॉलर, बकरीचं चामडं, हात पुढे नेता यावेत म्हणून पाठीला खांद्याजवळ चुण्या, आणि झिपच्या मागच्या पट्टीवर छोट्या छोट्या भोकांनी टोचलेलं 'यूएसएन'. जी-१ हे नाव १९४७ पासूनचं, त्याआधीच्या याच घराण्यातल्या जॅकेटला एम-४२२ए म्हणत.

ब्रिटिश आयर्विन म्हणजे मेंढीच्या कातड्याचं, आत लोकर, बाहेर चामडं, जाडजूड. पॅराशूटवाल्या लेस्ली आयर्विनच्या लेचवर्थच्या कारखान्यातून हे सुरू झालं. सुरुवातीची मोठ्या तुकड्यांची आहेत, पुढे मोठं कातडं मिळेना म्हणून जास्त जोड आले, त्यामुळे जोड जास्त म्हणून माल खोटा असं समजू नका.

आणि एमए-१, जे आज जगभर 'बॉम्बर' म्हणून विकलं जातं. नायलॉनचं, बाहेर हिरवट, नंतरच्यांना आत भगव्या-नारिंगी रंगाचं अस्तर, म्हणजे खाली पडलेल्या वैमानिकाने जॅकेट उलटं घातलं की शोधणाऱ्यांना लांबून दिसावं. आधीच्या बी-१५ ला फरची कॉलर होती, ती पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकायची, म्हणून इथे विणलेली कॉलर आली. यानंतरचं सीडब्ल्यूयू मालिकेचं, आग लवकर न धरणाऱ्या नोमेक्सचं. नवीन माणसाने खरेदीची सुरुवात खरंतर इथून करावी, कारण ही काही हजारांत मिळतात आणि लेबल वाचायचा सराव होतो. चांगल्या अवस्थेतलं, नावासकटचं ए-२ आज लाखाच्या पुढे जातं, पहिलाच डाव तिथे खेळू नका.

पायरी २ : मुंबईत कुठे बघायचं

चोरबाजार सगळ्यांना माहीत असतो. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत मटन स्ट्रीटला जा, पण तिथे फ्लाइंग जॅकेटच मिळेल असं धरून जाऊ नका. जे लेदर जॅकेट टांगलेलं दिसतं ते बहुतेक वेळा मोटरसायकलवाल्यांचं फॅशन जॅकेट असतं आणि दुकानदार अगदी ठामपणे म्हणतो, 'सेठ, अंग्रेज के जमाने का है'. वाद घालू नका. शांतपणे विचारा, 'चाचा, ये किधर से आया, कौनसे घर से?' घर सांगता आलं तर पुढचं बोलणं, नाही सांगता आलं तर किंमत फक्त चामड्याची. तिथे खरं मिळतं ते आजूबाजूचं सामान, म्हणजे बिल्ले, जुने गॉगल, हेल्मेट, फोटो अल्बम, लॉगबुक. फ्लाइंग लॉगबुक दिसलं तर जॅकेट नसलं तरी घ्या, कारण त्यात वैमानिकाने कुठल्या तारखेला कुठलं विमान किती वेळ उडवलं ते त्याच्याच अक्षरात असतं आणि याहून मोठा पुरावा नाही.

माझ्या मते मुंबईत खरी जागा म्हणजे रिडेव्हलपमेंटला जाणाऱ्या जुन्या बिल्डिंगा. दादर, भायखळा, वांद्रे, तिकडे पुण्यात कॅम्प आणि खडकी, जिथे जिथे एअर फोर्समधून रिटायर झालेले लोक राहिले तिथे घर रिकामं करताना पोटमाळ्यावरून काळी लोखंडी ट्रंक खाली येते. त्या ट्रंकेवर पांढऱ्या पेंटने नाव, रँक आणि नंबर लिहिलेला असतो. भंगारवाला जॅकेट बाजूला काढतो आणि ट्रंक किलोवर विकतो, आणि तिथेच सगळी ओळख हरवते. तुम्ही तिथे असाल तर आधी ट्रंकेचे चारही बाजूंनी फोटो काढा, जमलं तर ट्रंकच घ्या. लोकरीचे पुलोव्हर, ओव्हरकोट वगैरे तर बोहारणीकडे स्टीलच्या डब्याच्या बदल्यात कधीच गेलेले असतात, तेव्हा ओळखीच्या घरांत आधीच सांगून ठेवा की काही काढायच्या आधी मला एक फोन करा.

नेव्हीच्या वैमानिकांचं सामानही मुंबईत निघतं. जुनी विक्रांत १९६१ मध्ये नौदलात आली, तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे उडायची, आणि २०१४ मध्ये ती मुंबईतच, दारूखान्याच्या जहाज तोडायच्या यार्डात तोडली गेली. 'व्हाइट टायगर्स' म्हणजे ३०० नंबरच्या स्क्वाड्रनचा वाघाचा पॅच कुठे दिसला तर दुर्लक्ष करू नका. खऱ्या वस्तू डोळ्याखालून घालायच्या असतील तर गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोला नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, आणि दिल्लीला पालमचं एअर फोर्स म्युझियम. बाजारात जायच्या आधी म्युझियममध्ये जा.

बाहेरून मागवायचं असेल तर पैसे भरायच्या आधी कस्टमचं विचारून घ्या. आपल्याकडे वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, पार्सल अडकलं तर सोडवणं कठीण जातं. कुरियर कंपनीकडून आणि कस्टम हाउस एजंटकडून लेखी उत्तर घ्या. लोक अजून एक विचारतात, की हे पुरातन वस्तूंच्या कायद्यात येतं का. १९७२ च्या कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे, त्यामुळे १९४३ चं जॅकेट आज त्यात बसत नाही.

पायरी ३ : हातात आल्यावर काय बघायचं

आधी झिप. अमेरिकन युद्धकाळातल्या जॅकेटवर टॅलन, क्राउन, कॉनमार अशी नावं येतात. वायकेके दिसलं तर झिप बदललीय किंवा जॅकेट नंतरचं आहे. झिप बदलणं हा दोष नाही, चाळीस वर्षं वापरलेल्या जॅकेटची झिप कोणीतरी बदलणारच, पण मग किंमत तशी ठरवा. अडकलेली झिप जोर लावून ओढू नका, एक दात गेला की तसा परत मिळत नाही.

मग मानेचं लेबल. ए-२ वर टाइप, ड्रॉइंग नंबर ३०-१४१५, ऑर्डर किंवा कॉन्ट्रॅक्ट नंबर, कंपनीचं नाव आणि 'प्रॉपर्टी एअर फोर्स, यू. एस. आर्मी' असं असतं. रफ वेअर, एरो लेदर, पेरी स्पोर्ट्सवेअर, डुबो, ब्रॉन्को ही त्यातली काही नावं. प्रत्येक कंपनीचा कॉलरचा कट, खिशाचा आकार, शिलाई वेगळी, तेव्हा लेबल एकाचं आणि कट दुसऱ्याचा असेल तर लेबल नंतर लावलंय. नंतरच्या नायलॉन आणि नोमेक्सच्या जॅकेटवर कॉन्ट्रॅक्ट नंबरमध्येच साल असतं. डीएलए१०० च्या पुढे डॅश आणि ८६ असेल तर तो १९८६ चा करार. ब्रिटिश लेबलवर 'ए.एम.' आणि मुकुट, म्हणजे एअर मिनिस्ट्री, आणि २२सी ने सुरू होणारा स्टोअरचा नंबर. बाणाची सरकारी खूणही बघा, बाणाभोवती सी असेल तर कॅनडा, बाणाबरोबर आय असेल तर हिंदुस्थान.

नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च कुठेही मिळतो, तो खिशात ठेवा. अंधारात शिवणीवर मारला की नवीन पॉलिस्टरचा दोरा बऱ्याचदा निळसर पांढरा चमकतो, जुना सुती दोरा साधारण तसाच मंद राहतो. पण जॅकेटचा कापडी भाग किंवा पॅच कधीतरी आधुनिक पावडरने धुतला असेल तर जुना दोराही चमकतो, म्हणून एकट्या टॉर्चवर निकाल देऊ नका. पॅचचा दोरा चमकतोय आणि बाकी जॅकेट शांत आहे, असं दिसलं तर मात्र पॅच नंतरचा.

आता पॅच नसलेली जागा बघा, मला तर ही सगळ्यात आवडते. डाव्या छातीवर खिडकीतला उजेड तिरका पडेल असं जॅकेट धरा आणि बोट हळू फिरवा. नावाची चामड्याची पट्टी कधीकाळी होती तिथे सुईच्या भोकांची बारीक रांग लागते, आणि पट्टीखालचं चामडं उन्हापासून झाकलेलं राहिल्यामुळे आजूबाजूपेक्षा गडद असतं, म्हणजे पट्टीचा आकार तसाच्या तसा दिसतो. भोकांच्या दोन रांगा असतील, एक लांब एक आखूड, तर नावाची पट्टी बदललीय, एकतर बढती मिळाली म्हणून किंवा जॅकेट दुसऱ्याला दिलं म्हणून. खांद्याच्या पट्ट्यांवरही बघा, रँकच्या पिनांची भोकं राहतात, रँकची एकच दांडी होती की दोन, त्यावरून लेफ्टनंट की कॅप्टन याचा अंदाज येतो. गेलेला पॅचसुद्धा बोलतो, फक्त घाई करू नका.

भारतात सापडणाऱ्या अमेरिकन जॅकेटवर सीबीआय म्हणजे चायना-बर्मा-इंडिया या युद्धक्षेत्राची ढाल, म्हणजे ढालीच्या आकाराचा पॅच, असू शकते, त्यावर चीनचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा. यातले कितीतरी पॅच इथेच बनले, आपल्या कारागिरांनी जरीत भरलेले किंवा रंगीत चामड्याचे तुकडे जोडून केलेले. त्यामुळे पॅच हाताने केलेला, थोडा वाकडा असेल तर तो खोटा असं नाही, उलट तेच बरोबर असू शकतं. आसामातून हिमालयावरून चीनला सामान नेणाऱ्या त्या 'हंप'वर सुमारे सहाशे विमानं पडली, ही ढाल हातात घेताना तेवढं आठवावं. पाठीवर चिनी झेंडा आणि चिनी अक्षरं असलेली पट्टी म्हणजे ब्लड चिट, या वैमानिकाला मदत करा असं गावकऱ्यांना सांगणारी. फ्लाइंग टायगर्समुळे, म्हणजे चीनसाठी लढलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या तुकडीमुळे, तिला प्रचंड मागणी, म्हणून नकलाही प्रचंड. ब्लड चिटसाठी जास्त पैसे मोजू नका, जोपर्यंत नाव आणि युनिट हातात येत नाही.

आणि एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. बर्मा आघाडीवर खालून उडणारे हरिकेन, स्पिटफायरचे वैमानिक उकाड्यात मेंढीचं आयर्विन घालून बसत नव्हते. शेवटी शेवटी त्यांच्यासाठी बीडन सूट आला, बरेच खिसे असलेला, जंगलात उतरावं लागलं तर उपयोगी सामान अंगावरच असावं म्हणून. तेव्हा 'बर्माच्या पायलटचं आयर्विन' अशी गोष्ट कोणी सांगितली तर कागद मागा.

पायरी ४ : काही करायच्या आधी नोंद

घरी आणलं की पुसू नका, तेल लावू नका, धारावीत नेऊन 'चमकवून' घेऊ नका. धारावीचे लेदर कारागीर हाताने उत्तमच आहेत, पण त्यांना जुनं नवीन करायची सवय, आणि आपल्याला जुनं जुनंच ठेवायचंय. रंग दिला की कॉलरखालची पुसट शाई कायमची गेली.

आधी फोटो. बाजूला फूटपट्टी ठेवून, समोरून, मागून, लेबल, दोन्ही खिशांच्या आत, बाह्यांची आतली बाजू, कमरेच्या विणलेल्या पट्टीची मागची बाजू, झिपची टेप. खिसे उलटे करून बघा, तिकिटाचा तुकडा, चिठ्ठी, तंबाखूचा चुरा, काहीही असेल ते पाकिटात घालून कुठल्या खिशातलं ते लिहा. पुसट शाईसाठी मोबाइलचा फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग काढून टाका, कधीकधी फक्त निळा किंवा फक्त लाल चॅनेल बघितला की अक्षर उठून येतं.

आणि विकणाऱ्याचं बोलणं त्याच दिवशी लिहून ठेवा. कोणत्या भागातलं घर, कोण गेलं, काय काय बरोबर होतं. वहीत तीन रकाने करा : नक्की, शक्य, नुसतं ऐकलेलं. महिन्याभराने ऐकलेलं आपल्याला नक्की वाटायला लागतं, म्हणून हे रकाने.

पायरी ५ : नावाचा माग

समजा अमेरिकन जॅकेट आहे आणि अस्तरावर शाईने 'टी-२२६७' असं काहीतरी आहे. हा लाँड्री मार्क, म्हणजे धुलाईत कपडा कोणाचा ते ओळखायची खूण. आडनावाचं पहिलं अक्षर आणि सर्व्हिस नंबरचे शेवटचे चार आकडे. नावाची पट्टी टी ने सुरू होणाऱ्या आडनावाची असेल तर दोन्ही जुळले, पट्टी एम ची असेल तर दोन मालक झाले किंवा पट्टी कोणी नंतर लावली.

पूर्ण नंबर मिळाला तर फारच छान. अमेरिकन सैन्यात साध्या भरतीच्या जवानांचा नंबर आठ आकडी, पहिला आकडा १ असेल तर स्वतःहून भरती झालेला, २ असेल तर नॅशनल गार्ड, ३ असेल तर सक्तीच्या भरतीतला. दुसरा आकडा भाग सांगतो, म्हणजे ३६ ने सुरू होत असेल तर इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन हा पट्टा, ३९ म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडचा. ऑफिसरच्या नंबरआधी ओ असतो. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर भरतीच्या सुमारे ९० लाख नोंदी फुकट शोधता येतात, त्यात जन्मसाल, राज्य, काउंटी, आधीचा धंदा मिळतो. तिथे नावाने शोधा आणि चार आकडे फक्त तपासायला वापरा, उलटं केलंत तर हजारो माणसं समोर येतात. सुरुवातीला जवान म्हणून भरती होऊन पुढे ऑफिसर झालेलेही त्यात सापडतात.

विमान परतलं नाही तर त्या क्रूचा मिसिंग एअर क्रू रिपोर्ट असतो, त्यात सगळ्यांची नावं, नंबर, विमानाचा नंबर, शेवटचं कुठे दिसलं, आणि कितीदा घरच्यांचा पत्ताही. तो वाचताना हात जरा थांबतोच.

अमेरिकन सैनिकाची पूर्ण सर्व्हिस फाइल सेंट लुइसच्या सरकारी रेकॉर्ड केंद्रात असते आणि नोकरी सुटून ६२ वर्षं झाली की ती कोणालाही मागता येते. पण १२ जुलै १९७३ ला तिथे मोठी आग लागली. १९१२ ते १९६० मध्ये सुटलेल्या आर्मीच्या लोकांच्या सुमारे ८० टक्के फाइली गेल्या, आणि महायुद्धात एअर फोर्स आर्मीचाच भाग होती, म्हणजे आपल्या कामाच्या बहुतेक फाइली त्यात. 'रेकॉर्ड नाही' असं उत्तर आलं तर माणूस खोटा नाही, कागद जळलेत. नेव्हीच्या फाइली त्या आगीत नव्हत्या, म्हणून जी-१ वाल्यांचा माग तुलनेने सोपा. फाइल नसेल तर त्या माणसाच्या गावची पब्लिक लायब्ररी आणि तिथलं स्थानिक इतिहास मंडळ गाठा. साधा, नम्र ईमेल, जॅकेटचा फोटो, नाव, आणि एकच नेमका प्रश्न.

ब्रिटिश असेल तर आधी लंडन गॅझेट, म्हणजे तिथलं सरकारी राजपत्र, ऑनलाइन आणि फुकट, ऑफिसरचं कमिशन, बढती, पदक, सगळं नंबरसकट छापलेलं. मग ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजच्या एअर २७ या मालिकेतली स्क्वाड्रनची ऑपरेशन्स रेकॉर्ड बुकं, ज्यात रोज कोण उडालं ते लिहिलंय. मारला गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर नाव टाका, बऱ्याच नोंदींत आईवडिलांची नावं आणि गाव असतं. आपल्या खडकीची वॉर सिमेटरी याच कमिशनची. कबर नसलेल्या, या भागात बेपत्ता झालेल्या वैमानिकांची नावं सिंगापूरच्या मेमोरियलवर आहेत, आणि त्यात हिंदुस्थानी नावंही आहेत.

आता आपली इंडियन एअर फोर्स. स्थापना ८ ऑक्टोबर १९३२. १९४५ मध्ये 'रॉयल' लागलं आणि जानेवारी १९५० मध्ये गेलं, म्हणजे बिल्ल्यावर 'आरआयएएफ' असेल तर ती फक्त पाच वर्षांची खिडकी आहे, आणि मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले की १९५० नंतरचं. युद्धकाळात ऑफिसरच्या नंबरआधी 'इंड' असायचं. स्वातंत्र्यानंतर नुसता नंबर आणि पुढे ब्रँच, जसं 'जीडी (पी)' म्हणजे जनरल ड्यूटीज, पायलट. ट्रंकेवर हेच लिहिलेलं असतं आणि गॅझेट ऑफ इंडियातही असंच छापलेलं असतं, म्हणून ट्रंक सोडू नका म्हटलं. ऑफिसरांची यादी भारत रक्षकच्या साइटवर वर्षानुवर्षं खपून केलेली आहे, नंबर टाकला की कोर्स, ब्रँच, पदक मिळू शकतं. पुढे जुन्या बातम्यांसाठी फोर्टात टाउन हॉलला एशियाटिकच्या लायब्ररीत बसा. बर्माहून परतलेल्या मुंबईच्या मुलांची नावं युद्धकाळातल्या वर्तमानपत्रांत धरून वाचा, फोटोखालच्या ओळी सोडू नका. आपले हृषीकेश मुळगावकर बर्मा आघाडीवर उडाले आणि पुढे १९७६ ते १९७८ हवाईदल प्रमुख झाले, अशी मोठी नावं सहज सापडतात. मेहनत लागते ती त्यांच्याच बरोबर उडालेल्या, पण कुठेच न लिहिलेल्या फ्लाइंग ऑफिसरसाठी.

किती पुरावा पुरे? मी तीन गोष्टी मागते : नाव, नंबर, युनिट. आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणाहून यायला हव्यात. नुसतं नाव जुळलं म्हणजे काही नाही, एकाच नावाची डझनभर माणसं हवाईदलात होती. शिवाय मापही बघा, भरतीच्या कागदात उंची-वजन असतं कधीकधी, आणि ३६ साइजचं जॅकेट सहा फुटी धिप्पाड माणसाचं नसतं.

पायरी ६ : जूनच्या आधी

मेच्या शेवटी सगळं बाहेर काढून बघा. रुंद, कापूस गुंडाळलेल्या हँगरवर टांगा, बारीक तारेचा हँगर खांद्याला कायमचा खळगा पाडतो. आयर्विनसारखं जड असेल तर टांगू नका, आडवं ठेवा, घडीच्या जागी मलमलीचे बोळे. वर जुनी धुतलेली सुती चादर, प्लास्टिकचं कव्हर कधीच नाही, आत दमट हवा कोंडली की आठवड्यात बुरशी. कपाट बाहेरच्या भिंतीला, विशेषतः ज्या भिंतीला ओल येते तिला टेकलेलं नको. सिलिका जेल ठेवा आणि ते बदलत राहा, आणि एक साधा आर्द्रता मोजायचा मीटर आत ठेवा. आकडा सतत ६५ च्या वर राहत असेल तर डीह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड.

बुरशी आलीच तर मास्क लावून जॅकेट बाल्कनीत, सावलीत न्या, आधी हवेत सुकू द्या, मग मऊ ब्रशने झटका. ओलं असताना पुसलं तर ती चामड्यात शिरते. कडक उन्हात घालू नका, चामडं तडकतं. डांबरगोळ्या चामड्याला चिकटवून ठेवू नका. खोबरेल तेल तर अजिबात नको, ते घरातल्या मोठ्यांना कितीही वाटलं तरी, त्यांना प्रेमाने समजवा. लोकरीला कसर लागली असेल तर हवा काढलेल्या बंद पिशवीत डीप फ्रीझरला दोन आठवडे ठेवतात, पण पाठीवर चित्र रंगवलेलं असेल तर तसं करू नका, रंगाचे पापुद्रे सुटतात.

घालून फिरायचा मोह झाला तर परदेशी जॅकेट डिसेंबरात एखाद्या संध्याकाळी चालेल, पण आपल्या सैन्याचे बिल्ले लावून बाहेर पडू नका. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तसा पोशाख करणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा सोडा, ज्याने ते मिळवलं त्याचा मान म्हणूनही ते नको.

पायरी ७ : घरचे सापडले तर

इथे घाई केलीत तर सगळं बिघडतं. नाव पक्कं झालं म्हणून लगेच फोटोसकट सगळीकडे टाकू नका. नातवंडं हयात असतात, त्यांना आजोबांचं जॅकेट विकलं गेलं हे कदाचित माहीतही नसेल, कदाचित घरात त्यावरून भांडण झालेलं असेल. आधी एक छोटं पत्र किंवा ईमेल, मी कोण, माझ्याकडे काय आहे, मला काही विकायचं नाही आणि काही मागायचंही नाही, तुम्हाला बोलायचं असेल तर आनंद होईल. उत्तर आलं नाही तर एकदाच, काही महिन्यांनी, परत लिहा आणि मग थांबा. भारतीय अधिकाऱ्याच्या बाबतीत एअर फोर्स असोसिएशनमार्फत निरोप पाठवता आला तर बरं, अनोळखी माणसापेक्षा जुन्या सहकाऱ्याचा फोन लोक घेतात.

भेटायला बोलावलं तर रेकॉर्डिंग आधी विचारून, आणि फोटो दाखवायला लागले की फोटोतल्या छातीवरचा पॅच, कॉलर, खिसा बारकाईने बघा. 'काकू, हा फोटो मोबाइलवर काढू का?' असं विचारलं की बहुतेक जण अख्खा अल्बम समोर ठेवतात. बाहीवरचा एखादा ओरखडा, सुरकुती फोटोत आणि तुमच्या जॅकेटवर एकाच जागी दिसली तर मग अजून कुठलं सर्टिफिकेट लागत नाही.

परत मागितलं तर? हे प्रत्येकाने आधीच स्वतःशी ठरवून ठेवावं, समोर बसल्यावर नाही. माझं उत्तर असं, की मूळ माणूस किंवा त्याची बायको-मुलं मागत असतील तर जेवढ्याला घेतलं तेवढ्याला द्यायचं, वर एक रुपया नाही. लांबच्या नातेवाइकाला विकायला हवं असेल तर नाही म्हणायचं आणि शोधाची सगळी फाइल मात्र त्यांना फुकट द्यायची. परदेशी पाठवायचं झालं तर पाठवण्याआधी परत एकदा सगळे फोटो काढा, पार्सलचा विमा घ्या, कस्टमच्या फॉर्मवर 'जुनं वापरलेलं लेदर जॅकेट, अमुक सालचं' असं स्पष्ट लिहा, आणि कागदांची फाइल जॅकेटबरोबर न पाठवता वेगळ्या पार्सलने पाठवा, म्हणजे एक हरवलं तरी दुसरं पोचेल.